कॉक, तेल, चोक, किक: लहान इंजिन सुरू करण्याची गोष्ट

नेहमीप्रमाणे हे भागाचं लिखित रूप. बोलण्याच्या ओघात राहून गेलेल्या काही गोष्टी लिहिताना भरल्यात, आणि माझं दर दोन वाक्यांनंतरचं "म्हणजे बघा" शक्य तितकं काढून टाकलंय.

आजचा विषय एका श्रोत्याच्या मेलवरून आला. गुहागरकडचे आहेत, मुंबईची नोकरी सोडून गावी आंब्याची कलमं बघतात. पावसाळ्यानंतर माजलेलं रान काढायला त्यांनी गवत कापायचं मशीन घेतलं. शेजाऱ्याकडे दिसायला तसंच मशीन. शेजारी नुसतं पेट्रोल ओतायचा, म्हणून यांनीही नुसतं पेट्रोल ओतलं. अर्ध्या तासात आवाज बदलला, मशीन तापलं आणि बंद पडलं ते पडलंच. पिस्टन सिलिंडरला चिकटला होता. शेजाऱ्याचं मशीन फोर-स्ट्रोक, यांचं टू-स्ट्रोक. मेलच्या शेवटी त्यांनी विचारलंय, "माझे वडील चौथी शिकलेले, त्यांना हे ठाऊक होतं. मी इंजिनिअर आहे, मला का नाही?"

मीही इंजिनिअर आहे, तेही सॉफ्टवेअरची, त्यामुळे प्रश्न मला जरा लागलाच. मशीन दुरुस्त कसं करायचं याचे व्हिडिओ ढीगभर सापडतील. पण वडिलांना माहीत असलेली गोष्ट मुलाला माहीत नाही, हे मधल्या काळात कसं घडलं? त्यासाठी बरंच मागे जावं लागतं.

तर चला १८८८ मध्ये. ऑगस्ट महिना, जर्मनीतलं मानहाइम. कार्ल बेंझची बायको बेर्था नवऱ्याला न सांगता दोन मुलांना घेऊन त्याची तीनचाकी गाडी बाहेर काढते आणि शंभरेक किलोमीटरवरच्या फोर्झहाइमला, माहेरी निघते. ही गोष्ट पहिला लांबचा मोटारप्रवास म्हणून सांगितली जाते. मला त्यातले बारके तपशील जास्त आवडतात. गाडीला किल्ली नाही, हँडल नाही. मागे एक मोठं आडवं चाक, फ्लायव्हील, ते हातानं गरकन फिरवायचं, मग इंजिन धरणार. पेट्रोल पंप तर जगातच नाहीत. वाटेत वीसलोख गावच्या औषधांच्या दुकानातून तिनं लिग्रॉइन घेतलं, म्हणजे डाग काढायला वापरायचा पेट्रोलसारखा द्रव. इंधनाची नळी तुंबली तेव्हा टोपीच्या पिनेनं साफ केली.

म्हणजे इंजिनाच्या जन्मापासून हे काम चालवणाऱ्याचं आहे. इंधन आणा, तपासा, नळी साफ करा, हातानं फिरवा. यंत्र निम्मं लोखंडात होतं आणि निम्मं माणसाच्या हातात.

आणि हात मोडायचे. पुढे गाड्यांना समोरून घालायचं हँडल आलं. ते फिरवताना ठिणगी जरा लवकर पडली, तर पिस्टन उलटा ढकलला जातो आणि हँडल झटक्यानं मागे येतं. मनगटाजवळच्या एका विशिष्ट अस्थिभंगाला डॉक्टर आजही 'शोफरचं फ्रॅक्चर' म्हणतात, ते यामुळे. तेव्हाच्या ड्रायव्हरांना शिकवायचे की अंगठा हँडलभोवती गुंडाळू नका, बाकीच्या बोटांच्याच बाजूला ठेवा, आणि हँडल खालून वर ओढा, वरून खाली दाबू नका. वर ओढताना झटका आला तर हँडल बोटांतून सुटून जातं. अंगठा पलीकडे असेल तर तो अडकतो. १९१२ च्या कॅडिलॅकमध्ये चार्ल्स केटरिंगचा विजेचा स्टार्टर आला आणि मोटारींपुरता हा प्रश्न हळूहळू मिटला.

मोटारींपुरता. लहान इंजिनाला बॅटरी आणि स्टार्टरचं वजन आणि खर्च परवडत नव्हता. तिथे दोरी राहिली, किक राहिली, पॅडल राहिलं. आणि लहान इंजिनात अजून एक भानगड होती. तेलाची.

इथे थोडं आत शिरते. कंटाळू नका, त्या मशीनचं काय झालं ते इथेच आहे.

१८९१ मध्ये इंग्लंडच्या बाथ गावातल्या जोसेफ डे यानं टू-स्ट्रोक इंजिनाची एक फार हुशार रचना पेटंट केली. पुढच्याच वर्षी त्याच्याकडच्या फ्रेडरिक कॉक या कामगारानं ती अजून सोपी केली. कल्पना अशी: हवा आणि पेट्रोलचं मिश्रण थेट सिलिंडरमध्ये न नेता आधी पिस्टनच्या खालच्या पोकळीत, क्रँककेसमध्ये घ्यायचं. पिस्टन खाली आला की ते दाबलं जातं आणि बाजूच्या वाटेनं वर जातं. आत-बाहेर जायची भोकं पिस्टन स्वतःच उघडतो आणि झाकतो. व्हॉल्व्ह नाहीत, कॅम नाही, साखळी नाही. आत हलणारे मुख्य भाग तीन: पिस्टन, कनेक्टिंग रॉड, क्रँक. स्वस्त, हलकं, कुठल्याही गावात उघडून जोडता येईल असं.

पण फोर-स्ट्रोक इंजिनात ज्या जागी तेल साठवतात ती क्रँककेसची जागा इथे मिश्रणाच्या ये-जा करण्यात गेली. तेल ठेवणार कुठे? सुरुवातीला थेंबथेंब तेल सोडायची सोय करत. मग रुळली ती पद्धत आपण सगळे ओळखतो. तेल पेट्रोलमध्येच मिसळायचं. पेट्रोल आत शिरलं की त्याबरोबर तेलाचा बारीक फवारा बेअरिंगवर, पिस्टनवर बसतो आणि शेवटी बराचसा जळून धुरावाटे बाहेर जातो.

आता त्या मशीनमध्ये काय झालं ते सांगायची गरजच नाही. तेल नावाची वस्तू आत गेलीच नाही. आमच्या भाषेत सांगायचं तर डिपेंडन्सी इन्स्टॉल न करता प्रोग्रॅम चालवला, आणि या प्रोग्रॅमनं एरर दाखवण्याऐवजी हार्डवेअरच जाळलं.

डेच्या इंजिनाला पन्नासेक वर्षांनी त्याचं सर्वात लाडकं घर मिळालं. एप्रिल १९४६, इटली. युद्धात पाँतेदेराचा पियाज्योचा विमानाचा कारखाना बेचिराख झालेला. तिथे कोर्रादिनो दास्कानियो हा हेलिकॉप्टरवर काम केलेला इंजिनिअर, ज्याला मोटारसायकली मुळात आवडतच नव्हत्या, एक स्कूटर काढतो. ९८ सीसीचं टू-स्ट्रोक इंजिन मागच्या चाकाला चिकटून, पत्र्याच्या आत झाकलेलं, कपडे खराब होणार नाहीत असं. ती व्हेस्पा. दोनच वर्षांनी, १९४८ मध्ये, बजाज मंडळींनी ती भारतात आयात करून विकायला सुरुवात केली. पुढे पियाज्योचा परवाना घेऊन इथेच उत्पादन, आकुर्डीचा कारखाना, १९७१ मध्ये परवान्याची मुदत संपली आणि १९७२ मध्ये चेतक. त्याच वर्षी पुण्यातच कायनेटिकची ५० सीसीची लूना. मुंबईत लँब्रेटा, म्हैसूरला जावा आणि मग येझदी. रिक्षाही टू-स्ट्रोक. सगळ्यांच्या पोटात तोच बाथवाला विचार, आणि सगळ्यांना पेट्रोलमधून तेल.

चेतकसाठी लोक वर्षानुवर्षं नंबर लावून थांबायचे हे तुम्ही शंभर वेळा ऐकलंय, ते पुन्हा सांगत नाही. गाडी घरी आल्यावर रोज सकाळी काय चालायचं, ते फारसं कुणी लिहून ठेवलेलं नाही. ते मी आमच्या भागातल्या एका जुन्या मेकॅनिक काकांकडून समजून घेतलं. पन्नास वर्षं स्कूटरच उघडतायत. मी वही घेऊन बसले तर म्हणाले, "अगं, यात लिहायचं काय आहे? हे तर सगळ्यांनाच येतं."

मी म्हटलं, "काका, आता नाही येत."

जरा थांबले आणि म्हणाले, "मग लिही. पेट्रोल पंपापासून लिही."

पंपावर स्कूटर बंद करायची. उतरायचं, कारण टाकीचं झाकण सीटखाली. हे उतरणं सोयीचं नव्हतं, पण सुरक्षित होतं. खाली उजव्या अंगाला इंजिन तापलेलं असतं आणि टाकी जवळजवळ त्याच्या डोक्यावर. पेट्रोलची वाफ हवेपेक्षा तिपटीहून जड असते, ती वर न जाता खाली पाझरते आणि जमिनीलगत पसरते. पेट्रोलचा फ्लॅश पॉइंट उणे चाळीस अंशांच्या आसपास, म्हणजे काश्मीरच्या थंडीतसुद्धा त्याच्यावर पेट घेणारी वाफ असतेच. रॉकेलचं तसं नाही, ते साध्या तापमानाला काडीनं सहज पेटत नाही. स्टोव्हला सरावलेल्या पिढीला हा फरक आधी अंगवळणी पाडावा लागला.

मग तेल. लिटरला वीस मिली, म्हणजे पन्नासास एक. दोन लिटर पेट्रोल तर चाळीस मिली. जुन्या व्हेस्पांना याच्या दुपटीहून जास्त लागायचं, पुढे इंजिनं सुधारली तसं प्रमाण उतरलं. काकांचा नियम: "आधी ऑइल, मग पेट्रोल." ऑइल पेट्रोलपेक्षा जड. वरून ओतलं तर तळाला जाऊन बसतं, आणि कॉक तळालाच असतो. मग पहिला किलोमीटर नुसता तेलाचा धूर आणि नंतर कोरडं. आधी तेल टाकून वरून पेट्रोलची धार सोडली की ते आपोआप घुसळलं जातं. तरीही लोक स्कूटर दोन-चार वेळा डुलवायचे. मला लहानपणी वाटायचं, पेट्रोल किती आहे याचा आवाज ऐकतायत.

मग कॉक. बंद, चालू, रिझर्व्ह. घरी आल्यावर कॉक बंद करणं ही शिस्त होती, काही घरांत तर भांडणाचा विषय. कार्ब्युरेटरमध्ये एक फ्लोट असतो, संडासाच्या टाकीतल्या फुग्यासारखा, माफ करा पण उपमा अचूक आहे. पेट्रोल पुरेसं भरलं की तो सुई दाबून वाट बंद करतो. त्या सुईखाली कचऱ्याचा कण अडकला की पेट्रोल रात्रभर ठिबकतं. थोडं इंजिनात, थोडं जमिनीवर. आणि पुण्यातल्या वाड्यात स्कूटर कुठे लावायचे? बोळात, जिन्याखाली. जिथे जड वाफ साठून राहते आणि वरच्या पायरीवर कुणीतरी बिडी ओढत बसलेलं असतं. कॉक बंद करणं हे पेट्रोल वाचवण्यापुरतं नव्हतं. काका तर घराच्या थोडं आधीच कॉक बंद करत, म्हणजे कार्ब्युरेटर रिकामा होत होत घर यायचं. कारण त्यात पेट्रोल राहिलं तर ते उडून जातं आणि मागे तेलाचा चिकट थर उरतो, तो बारीक जेट तुंबवतो.

सकाळी उलट क्रम. कॉक चालू, एक-दोन मिनिटं थांबायचं. गाडी न्यूट्रलला. गार असेल तर चोक ओढायचा. चोक म्हणजे मिश्रणातलं पेट्रोलचं प्रमाण वाढवणं, कारण गार लोखंडावर पेट्रोल नीट वाफ होत नाही. मग किक. मुठीला जास्त पीळ नाही. इंजिनानं धरलं की चोक लगेच परत आत. इंजिन गरम असताना चोक ओढलात तर पेट्रोल तुंबणार, प्लग ओला होणार, आणि मग किका मारत बसा.

आणि हो, स्कूटर आडवी करणं. तुम्ही वाटच बघत असाल. काकांच्या मते निम्म्या वेळा तो नुसता नवस होता. पण मागे कारण आहे. स्कूटर कलती केली की टाकीच्या कोपऱ्यातलं उरलंसुरलं पेट्रोल कॉककडे येतं, आणि फ्लोट चेंबरमधली पातळी बिघडून पेट्रोल जरा जास्त उतरतं. म्हणजे गरिबाचा चोक. येझदीला तर यासाठी कार्ब्युरेटरवर वेगळं बटणच होतं. ते दाबलं की फ्लोट खाली जायचा आणि पेट्रोल भरून वाहायचं. तोच खेळ, फक्त कंपनीनं अधिकृत केलेला.

इतकं करूनही नाही झाली सुरू, तर प्लग. इथे काका एकदम गंभीर झाले. ठिणगी बघायला प्लग काढून त्याचं धातूचं अंग इंजिनाला टेकवतात आणि किक मारतात. सगळे तसंच करतात. पण इंजिन तुंबलेलं असेल तर प्लगच्या उघड्या भोकातून पेट्रोलचा फवारा उडतो, आणि शेजारीच आपण ठिणगी पाडतोय. "आधी कॉक बंद, प्लग बाजूला ठेवून पाच-सात किका मारून इंजिन कोरडं कर, मग भोकापासून लांब टेकवून ठिणगी बघ. मी भुवया जळलेले दोघे पाहिलेत." दोघांत ते स्वतः एक होते का, ते मी विचारलं. नुसते हसले.

अजून एक गोष्ट, जी मला फार सुंदर वाटते. टू-स्ट्रोकला तेल पेट्रोलबरोबरच मिळतं, म्हणजे मूठ बंद केली की तेलही आटतं. घाट उतरताना मूठ पूर्ण सोडून गिअरमध्येच गाडी ओढत आणली तर इंजिन जोरात फिरतं पण आत तेल जवळजवळ नाही. म्हणून जुने लोक कात्रजचा घाट उतरताना मधूनमधून उगाच मूठ पिळायचे. आपल्याला वाटायचं, शायनिंग मारतायत. स्वीडनमध्ये साबनं आपल्या टू-स्ट्रोक मोटारींना याचसाठी फ्रीव्हील दिलं होतं, सायकलसारखं. उतारावर पाय सोडला की इंजिन आपोआप सुटं व्हायचं. साबनं जे लोखंडात घातलं ते आपल्याकडे मनगटात होतं.

आता या सगळ्याचं फार गुणगान नको. मनगटातलं ज्ञान चुकीचंही असतं. सर्वात पक्का गैरसमज म्हणजे जास्त तेल, जास्त आयुष्य. लोक वीसच्या जागी चाळीस-पन्नास मिली टाकायचे, वर सुटं, कुठलंही. प्लग काळा, सायलेन्सर काजळीनं भरलेला, मागच्याच्या तोंडावर निळा धूर. शिवाय गंमत बघा. तेल वाढवलं की तेवढंच पेट्रोल कमी होतं. कार्ब्युरेटर मोजतो ते एकूण द्रव, त्याला आत काय आहे ते कळत नाही. म्हणजे मिश्रण उलट पेट्रोलला गरीब होतं आणि इंजिन जास्त तापू शकतं. काळजीनं घातलेलं तेलच नडायचं.

हा धूर शेवटी कोर्टात गेला. दिल्लीच्या हवेच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयानं जुलै १९९८ मध्ये जे आदेश दिले, ते सीएनजी बसमुळे प्रसिद्ध आहेत. पण त्याच यादीत एक साधं कलम होतं: पेट्रोल पंपांवर आणि गॅरेजमध्ये सुट्या टू-टी ऑइलची विक्री त्या वर्षअखेरपर्यंत बंद. तेल मोजून मिसळूनच द्यायचं. म्हणजे देशाच्या सर्वोच्च न्यायालयानं वीस मिलीचं माप आपल्या हातातून काढून यंत्राकडे दिलं. मला ही ओळ पहिल्यांदा वाचली तेव्हा इतका आनंद झाला की ऑफिसात मोठ्यानं हसले.

यंत्राकडे देणं तसं आधीच सुरू झालं होतं. जपानमध्ये यामाहानं १९६४ मध्येच ऑटोल्यूब आणलं होतं, तेलाची वेगळी टाकी आणि मुठीच्या पिळानुसार तेल सोडणारा पंप. आपल्याकडे १९८० च्या दशकात कायनेटिक होंडानं बटण-स्टार्ट घराघरात नेलं. मग उत्सर्जनाचे नियम कडक झाले, नव्या शतकात ॲक्टिवासारख्या फोर-स्ट्रोक गाड्या आल्या. तेल सर्व्हिसिंगला बदललं जातं, आपल्याला दिसतही नाही. पुढे इंजेक्शन आलं, चोक गेला, कॉक गेला. २०२० मध्ये चेतक परत आली ती बॅटरीवर, इंजिनाशिवाय.

तर गुहागरच्या दादा, हे तुमचं उत्तर. तुमच्या वडिलांना ते शाळेत शिकवलं नव्हतं, मला बीटेकलाही शिकवलं नाही. बीटेकला आम्हाला टू-स्ट्रोकचा आलेख होता, वीस मिली नव्हते. तुमच्या वडिलांना ते पंपावर, गल्लीत, दुसऱ्याचं बघून आलं, कारण दर चौथ्या घरासमोर रोज कुणीतरी ते करत होतं. स्कूटर बदलली आणि शिकवणी बंद झाली.

पण इंजिनं संपली नाहीत. ती शेताकडे आणि दुकानाकडे सरकली. गवत कापायचं मशीन, पाठीवरचा फवारणी पंप, झाडं कापायची साखळी करवत, दुकानाबाहेरचा जनरेटर. नव्वद टक्के रस्ता विसरलेला माणूस आता चाळीस सीसीचं इंजिन खांद्याला अडकवून फिरतो, पोटापासून वीतभर अंतरावर.

म्हणून थोडं रोखठोक. मशीन टू-स्ट्रोक की फोर-स्ट्रोक हे दिसण्यावरून ठरवू नका. टाकीच्या झाकणावर किंवा पुस्तिकेत बघा. तेल भरायचं वेगळं झाकण आणि त्याला काडी असेल तर ते फोर-स्ट्रोक. त्यात साधं पेट्रोल, आणि तेल वेगळं. होंडाचं ३५ सीसीचं इंजिन या मशीनवर खूप दिसतं, त्यात तेल मावतं शंभर मिली फक्त. कटिंग चहाइतकं. ते कमी झालं तर वाचवायला फार काही उरत नाही. अशी इंजिनं बऱ्याचदा खोक्यातून कोरडी येतात, तेल न भरता, आणि दोरी ओढली तर सुरूही होतात. तेल बघताना मशीन सपाट जागी, आणि पुस्तिकेत लिहिलंय तसं. कित्येक इंजिनांत काडी नुसती टेकवून बघायची असते, आटे फिरवून नाही. वेगळं झाकण नसेल तर टू-स्ट्रोक, मग मिश्रण. प्रमाण पुस्तिकेतलं, ऐकीव नाही. पन्नासास एक म्हणजे लिटरला वीस मिली, पंचवीसास एक म्हणजे चाळीस. डब्यात मिसळा, हलवा, मग नरसाळ्यानं टाकीत. गरम मशीनमध्ये ओतू नका, काठोकाठ भरू नका. सांडलं तर पुसा, आणि भरल्या जागेपासून दहा पावलं लांब नेऊन मग दोरी ओढा. दोरी आधी हलकेच ओढून दाब लागेपर्यंत आणायची, मग एका दमात. मनगटाला गुंडाळायची नाही. का ते शोफरच्या फ्रॅक्चरनं सांगितलंय.

पेट्रोल आणायचं कशात? १९३४ चा पेट्रोलियम कायदा आजही लागू आहे. त्यात विक्रीसाठी नसलेलं पेट्रोल विनापरवाना ३० लिटरपर्यंत ठेवता येतं, पण भांडं घट्ट बुचाचं, काचेचं किंवा चिनीमातीचं असेल तर एक लिटरपर्यंत, धातूचं असेल तर २५ लिटरपर्यंत. पाण्याच्या प्लास्टिक बाटलीचा त्यात पत्ताच नाही. पंपवाला बाटलीत द्यायला नाही म्हणाला तर तो माज करत नाहीये.

एक गोष्ट वडिलांच्या काळात नव्हती, ती इथेनॉल. आता पंपावर मिळतं ते २० टक्के इथेनॉलचं पेट्रोल. इथेनॉल हवेतलं पाणी ओढतं, आणि कोकणातल्या हवेत पाण्याला काय तोटा. फार पाणी शिरलं की इथेनॉल-पाण्याचा थर वेगळा होऊन तळाला बसतो. टू-टी ऑइल त्या थरात फारसं उतरत नाही, ते वरच्या पेट्रोलमध्ये राहतं. इंजिन ओढतं तळातून. म्हणजे तुम्ही तेल बरोबर मोजूनही ते इंजिनापर्यंत पोचत नाही. म्हणून मिश्रण लागेल तेवढंच करा, महिन्याच्या आत संपवा, डबा घट्ट बंद.

आणि जनरेटर. यावर खरं तर वेगळा भाग व्हायला हवा. दुकानाबाहेरचे जुने जनरेटर पेट्रोलवर सुरू करून रॉकेलवर चालवायचे असायचे, आणि बंद करण्याआधी परत पेट्रोलवर आणावे लागायचे, नाहीतर दुसऱ्या दिवशी गार इंजिनाला रॉकेल पेटेना. ते शिकलेले नोकर होते. आता बटणाचे, शांत, छोटे जनरेटर आलेत, आणि शांत असल्यामुळे लोक ते आत घेतात. शटर अर्धं ओढून, बाल्कनीत, पावसात भिजू नये म्हणून जिन्याखाली. कार्बन मोनॉक्साइडला रंग नाही, वास नाही, आणि रक्तातल्या हिमोग्लोबिनला तो ऑक्सिजनपेक्षा दोनशे पटींहून जास्त ओढीनं चिकटतो. चेतकचा निळा धूर निदान खोकायला लावायचा. जनरेटर उघड्यावरच ठेवायचा, दारं-खिडक्यांपासून लांब. पावसाचं काय, तर वर पत्रा घाला, भिंती नकोत.

काकांना मी शेवटी विचारलं की हंगाम संपल्यावर मशीन कसं ठेवायचं. त्यांनी सांगितलेलं तसंच लिहिते. टाकी रिकामी करायची, इंजिन सुरू करून आपोआप बंद पडेपर्यंत चालू ठेवायचं, म्हणजे कार्ब्युरेटर कोरडा. गार झालं की प्लग काढून आत चमचाभर तेल, दोरी दोनदा हळू ओढायची, प्लग परत. फडकं गुंडाळून, माळ्यावर. "उंदरापासून लांब," ते म्हणाले, "त्यांना नळीचं रबर फार आवडतं."

पुढच्या भागात डिझेल, किर्लोस्करवाडी आणि विहिरीवरची इंजिनं. तुमच्या घरी जुनं इंजिन असेल आणि ते सुरू करायची काही खास तऱ्हा असेल, तर आवाजाची क्लिप पाठवा. इंजिनाचीही चालेल.